न शिवलेला खण

१

मंत्रीणबाई स्वयंपाकघरात कांद्याची भजी तळत होत्या, आणि तेवढ्यात वरच्या खोलीतल्या त्यांच्या पर्समधून एक कागद गेला. एकच कागद, पण चौदा वर्षांचं राजकारण त्याच्यावर टांगलेलं होतं.

मी हे इतकं नेमकं सांगते, कारण भज्यांचं पीठ मी कालवत होते. शनिवार, २२ जानेवारी १९९४. लंडनजवळ हॅरोला अनुराधाच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पुढच्या खोलीत बारा-तेरा बायका, रेशमी साड्या आणि वर कार्डिगन. स्वयंपाकघरात आम्ही दोघी, एक विधवा आणि एक नवऱ्यानं सोडलेली. आत बसा असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि बाहेर या असंही कुणी म्हणालं नव्हतं. अशा वेळी बाईला आपली जागा बरोबर कळते, मग ती मंत्री असो की माझ्यासारखी कारकून.

मी सुप्रभा. इथल्या एका हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड्समध्ये एकोणीस वर्षं काढली. हरवलेल्या फायली शोधायच्या, हे माझं काम. पेशंट टेबलावर झोपलेला असतो, सर्जन ओरडत असतो, आणि मी तळघरात फाइल शोधत असते. एवढ्या वर्षांत एक कळलं. फाइल कधी नाहीशी होत नाही. कुणाचा तरी हात सवयीनं जिथं जातो, तिथं ती सापडते.

मधुमती खळदकर या अनुराधाच्या शाळेपासूनच्या मैत्रीण. आमदार नवरा जीपच्या अपघातात गेला, तेव्हा पक्षानं त्यांना पांढरी साडी नेसवून उभं केलं आणि लोकांनी हळहळून मतं दिली. दुसऱ्या निवडणुकीत नवऱ्याचा फोटो कोपऱ्यात गेला, तिसऱ्या वेळी पोस्टरवर त्या एकट्याच होत्या. मग आरोग्य खात्यात राज्यमंत्री झाल्या. "राज्यमंत्री म्हणजे लग्नातली करवली," त्या मला भजी उलटताना म्हणाल्या. "मिरवायचं भरपूर, विचारत कुणी नाही." डोळ्यांची हॉस्पिटलं बघायला त्या आठवडाभर लंडनला आल्या होत्या आणि हॉटेल सोडून मैत्रिणीकडे उतरल्या होत्या. रविवारी संध्याकाळी परतीचं विमान होतं.

पाच वाजायच्या सुमारास अनुराधा घाईघाईनं आत आली. यमुनानं न सांगता भावजय आणली होती आणि ओटीचं सामान एकानं कमी पडत होतं. नारळ होता, खण नव्हता. पुटपुटत ती वर गेली, काहीतरी घेऊन खाली आली आणि पुढच्या खोलीत पळाली. मागोमाग मधुमतीताई रुमाल आणायला वर गेल्या.

त्या खाली आल्या तेव्हा त्यांनी आधी गॅस बंद केला. मग पदरानं हात पुसले आणि अगदी हळू म्हणाल्या, "सुप्रभाताई, माझा कागद गेला."

२

कोणता कागद, हे मला ठाऊक होतं. त्याच दिवशी सकाळी मी त्यांना कॅमडेनला घेऊन गेले होते. बाबासाहेब विद्यार्थी असताना राहत, ते घर त्यांना बघायचं होतं. फुटपाथवर उभं राहून त्यांनी हात जोडले, डोळे पुसायला पर्स उघडली, तेव्हा कागदाचा हिरवा कोपरा मी पाहिला. सरकारी फायलीतला टिप्पणीचा कागद हिरवा असतो म्हणे.

दुपारी जेवताना त्यांनी त्याची कथा सांगितली. आठ महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या औषधाचा एक साठा त्यांना संशयाचा वाटला. त्यांनी त्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलं, वापर थांबवावा. खाली त्यांच्याच खात्याच्या मोठ्या मंत्र्यांनी लिहिलं, सहमत नाही, वापर चालू ठेवावा. खाली सही, तारीख. पुढे एका तालुक्यातल्या शिबिरात तेच औषध घातलं आणि अकरा माणसांची दृष्टी गेली. मोठे मंत्री आता सांगत होते की परवानगी राज्यमंत्रीणबाईंनीच दिली. फायलीतून कागद फाडायचा हुकूम झाला, पण ज्या कारकुनाला तो झाला, त्यानं कागद फाडायच्या ऐवजी यांना आणून दिला.

सोमवारी दुपारी तीन वाजता चौकशी समिती बसणार होती. झेरॉक्स होती, पण झेरॉक्स बनावट ठरवायला किती वेळ लागतो? बंगल्यावरची कपाटं दोनदा उचकटली गेली होती, म्हणून मूळ कागद त्या अंगावर बाळगत होत्या. भजी तळायला बसताना तेवढी पर्स वर ठेवली.

"पद गेलं तर जाऊ दे," त्या म्हणाल्या. "पण त्या अकरा जणांना मी आंधळं केलं, असं माझ्या नावावर लिहिलं जाईल."

पोलिसांना बोलवायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिकडच्या सगळ्या पेपरांत आलं असतं. पाहुण्या बायका तिळगूळ आणि प्लॅस्टिकचे डबे घेऊन हसत निघून गेल्या, तोवर मधुमतीताई दारात उभ्या राहून प्रत्येकीला नमस्कार करत होत्या. राजकारणी माणसाचा चेहरा कसा असतो ते मी तेव्हा पाहिलं.

कागदाबद्दल दुपारच्या जेवणावर असलेल्यांनाच माहीत होतं. अनुराधा. तिचे यजमान डॉक्टर चंद्रशेखर. मदतीला लवकर आलेली इथल्या मराठी मंडळाची अध्यक्ष शैला, जिचा भाऊ तिकडे मोठ्या मंत्र्यांच्या पक्ष कार्यालयात बसतो. आणि ताईंचा स्वीय सहायक विनय, बत्तीस वर्षांचा, अबोल, नेहमी नखं कुरतडणारा. डॉक्टर आणि त्यांची मुलगी मीनल वर होते, डॉक्टर अभ्यासिकेत टीव्हीवर स्नूकर बघत होते आणि मीनल तिच्या खोलीत फोनवर. शैला नवी साडी दाखवायला म्हणून एकदा वर जाऊन आली होती. विनय बाथरूमला.

घर अर्ध्या तासात पालथं घातलं. पर्सच्या खोलीत काही नाही, कचऱ्यात नाही, फायरप्लेसमध्ये राख नाही. मग माझ्या लक्षात आलं की विनय घरात नाही.

खिडकीचा पडदा सारला. तो कोपऱ्यावरच्या फोनबूथमध्ये उभा होता आणि फोनचं कार्ड बदलून बदलून मुंबईशी बोलत होता.

३

तो परत आला तेव्हा त्याची बॅग जेवणाच्या टेबलावर उघडी होती. त्याच्या तोंडाचा रंग उडाला. कुणाशी बोलत होतास, या प्रश्नावर तो आधी घरी म्हणाला, मग मित्राशी, मग नखं कुरतडू लागला.

शेवटी त्यानं सांगितलं. दुसऱ्या खात्यात बदली मिळावी म्हणून तो खटपट करत होता. ताई पडणार, असं सगळे म्हणत होते, आणि पडणाऱ्या मंत्र्याचा माणूस म्हणून त्याला रस्त्यावर यायचं नव्हतं. घरी आईवडील, दोन लहान मुली. "कागद मी घेतला नाही, मॅडम. मी तेवढा धीट नाही," तो म्हणाला.

मला ते पटलं. ताईंना पटलं नाही. त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या की उद्या तू माझ्याबरोबर विमानात बसायचं नाहीस, आणि सोमवारी खात्याला पत्र जाईल. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं माझ्या मनात आलं. पण हा संन्यासी आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि हा चोर आहे हे सिद्ध करायलाही नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला मी थांबले. सगळ्यांच्या ताटांत वाढलेलं तसंच होतं. डॉक्टर तेवढे प्रसन्न होते, सगळ्यांना वाढत होते. तीस वर्षं या देशात लोकांना भूल देऊन झाली, पण कन्सल्टंटच्या वरच्या पदावर काही पोहोचले नाहीत. प्रत्येक वेळी एखादा तरुण गोरा पुढे गेला. अभ्यासिकेच्या भिंतीवर पुण्याजवळ बांधायच्या पन्नास खाटांच्या हॉस्पिटलचा नकाशा होता. सहा वर्षं जमिनीचा अर्ज सरकारात पडून होता. घरी आलेल्या प्रत्येकाला ते नकाशा दाखवत, मलाही चारदा दाखवला होता.

वाढता वाढता ते बायकोला म्हणाले, "अगं, मधुमतीताईंनी तुला तो हिरवा खण आणलाय ना, तो कुठे ठेवलास? छान आहे. शिवून घे."

अनुराधाचा चेहरा लालबुंद झाला. "आहे कपाटात," ती म्हणाली आणि आमटी आणायला उठली.

नवऱ्याला बायकोच्या खणाचं कौतुक सुचलं म्हणून मला गंमत वाटली, आणि अनुराधा लाजली म्हणून थोडा हेवाही वाटला. इतकी वर्षं एकटी राहिल्यावर असं होतं. त्या हेव्यापायी मी तेव्हा विचारच केला नाही. एखाद्या भरल्या घरात बाई लाल होते ती नेहमी लाजूनच होते, असं नाही.

सकाळी आठला माझ्या फ्लॅटमधला फोन वाजला. मीनल होती. रात्रभर कुणीतरी आईचं कपाट उघडत-मिटत होतं, असं ती सांगत होती.

४

मीनल इथेच जन्मलेली. मराठी बोलते, पण तिचं मराठी रविवारी उघडणाऱ्या दुकानासारखं, असेल ते मिळतं. तिला वाटत होतं आई रात्रभर झोपली नाही. मी तिला म्हटलं, मी नऊला येते, तोवर कुणाला काही बोलू नकोस.

त्याआधी मी शैलाला फोन लावला. तिच्यावर माझा संशय होता आणि रागही होता, दोन्ही एकत्र असले की चौकशी नीट होत नाही. मी सरळच विचारलं की काल वर कशाला गेली होतीस. ती भडकली. तिनं मला सांगितलं की भावाच्या पक्षासाठी चोऱ्या करायला ती रिकामी नाही, की मंत्रीणबाई स्वयंपाकघरात बसल्या हे तिलाही बरं वाटलं नव्हतं, पण रीत ती रीत. आणि मग, राग ओसरल्यावर, तिला दुसऱ्याची उखाळीपाखाळी काढल्याशिवाय राहवेना.

"आणि अनुराधाचं बघितलंस? ओटी कमी पडली म्हणून मंत्रीणबाईंनी दिलेला खण उचलून यमुनाच्या भावजयीला देऊन टाकला! बॉक्ससकट. मिळून आठवडा पण झाला नव्हता. ताईंना कळलं तर काय वाटेल, सांग बरं."

मी फोन ठेवला. म्हणजे अनुराधा लाजली नव्हती. मैत्रिणीसमोर खोटं बोलावं लागलं म्हणून ती लाल झाली होती. खण कपाटात नव्हताच.

पण मग रात्रभर ते कपाट कोण उचकत होतं?

हॅरोला पोहोचले तेव्हा ड्राइव्हवर डॉक्टरांची गाडी नव्हती. दार मीनलनं उघडलं. घरात ताईंचं सामान पॅसेजमध्ये लागलेलं, विनय जिन्याच्या पायरीवर बसलेला.

"बाबा कुठे गेले?" मी विचारलं.

"ब्रॅकनेलला. सकाळी आठला. He said एक जुना पेशंटची फोन आला."

मी तिला विचारलं की बाबांनी जायच्या आधी आईला काही विचारलं का. हो, म्हणाली. किचनमध्ये दोघं बोलत होती, आई रडवेली झाली होती. "बाबा सारखा विचारत होता, तो ग्रीन बॉक्स कुणाला दिली. आई म्हणाली, शिल्पा. शिल्पामावशी ब्रॅकनेलला राहते ना, तिच्या हजबंडचा कंप्युटर्सचा जॉब आहे."

एकोणीस वर्षं मी हॉस्पिटलात आहे. फिजिशियनला पेशंट घरी फोन करतो, सर्जनला करतो, अगदी फिजिओलाही करतो. भूल देणाऱ्या डॉक्टरला कुठला पेशंट रविवारी सकाळी फोन करणार? त्याला त्यांचं नावही आठवत नसतं.

साडेनऊ वाजले होते. एक वाजता विमानतळाची टॅक्सी येणार होती, आणि डॉक्टर दीड तास आधी निघालेले.

५

मी यमुनाला फोन लावला, तिच्या भावजयीचा ब्रॅकनेलचा नंबर घ्यायला. यमुना म्हणाली, नंबर कशाला, शिल्पा इथेच पिनरला आहे की. रात्री मुक्कामालाच राहिली, नवरा संध्याकाळी न्यायला येणार.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. डॉक्टर मोटारवेवरून तीस मैल गेले, आणि खण आमच्यापासून दोन स्टेशनांवर.

पण त्या दोन स्टेशनांनीही जीव घेतला. मेट्रोपॉलिटन लाइनवर रविवारचं दुरुस्तीकाम, गाड्यांऐवजी बस, आणि बस कुठे थांबते ते सांगायला कुणी नाही. बोचऱ्या वाऱ्यात चाळीस मिनिटं उभी राहून शेवटी मी चालत निघाले. सारखं वाटत होतं की मागून डॉक्टरांची गाडी येईल. ब्रॅकनेलला दार बंद दिसलं की शेजाऱ्याला विचारतील, मग यमुनाकडे फोन करतील.

यमुनाच्या घरी पोहोचले तेव्हा ती दारात सँडल घालत होती. वेंब्लीला आणखी एक हळदीकुंकू होतं, त्याआधी कुणाकडे तरी जेवण. हातात प्लॅस्टिकची पिशवी. मी तिला आत ढकललंच.

शिल्पा सोफ्यावर चहा घेत होती. मी विचारलं, काल अनुराधानं दिलेला खण कुठे आहे. तिनं खालमानेनं यमुनाकडे बघितलं. सकाळी तिनं नणंदेची ओटी भरली होती. त्याच खणानं.

"मग तो तुझ्याकडे आहे," मी यमुनाला म्हटलं.

यमुना कसनुसं हसली आणि पिशवी मागे घेतली. मला सगळं कळलं. आमच्यात ओटीचा खण कुणी शिवत नाही. दुकानं लांब, शिंपी महाग, आणि सगळ्याजणी थंडीत कार्डिगन घालतात, आतलं ब्लाउज दिसतं कुणाला? खण येतो तसाच पुढे जातो. हॅरोतून पिनर, पिनरहून वेंब्ली, तिथून स्लाव, आणि दोन-तीन वर्षांनी फिरून परत. यमुनाकडे तर पद्धत होती. प्रत्येक खणाच्या बॉक्सवर पेन्सिलीनं बारीक नाव, म्हणजे जिच्याकडून आला तिलाच चुकून परत जाऊ नये. आमच्या रेकॉर्ड्समध्ये फाइल रॅकवरून निघाली की तिच्या जागी चिठ्ठी घालतात, तसंच. हे काम मी पगार घेऊन करते, ती फुकट करत होती.

पिशवीतून हिरवा बॉक्स निघाला. पारदर्शक झाकण, आत इरकली काठाचा खण, कोपऱ्यात पेन्सिलीनं "अनुराधा, शिल्पा". झाकणाची कड पांढऱ्या चिकटपट्टीनं बंद केली होती. हॉस्पिटलातली पट्टी, ड्रेसिंगची. आणि पट्टीचं टोक दुमडून ठेवलेलं, म्हणजे एका चिमटीत सुटेल असं. ऑपरेशनच्या टेबलावर नळी चिकटवताना भूल देणारे असंच टोक दुमडतात. फायली पोचवताना मी हजार वेळा पाहिलं आहे.

मी बॉक्स उघडला नाही. तो उघडायचा हक्क माझा नव्हता.

तेवढ्यात यमुनाचा फोन वाजला. तिनं उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाली, "डॉक्टर बोलतायत."

६

मी नको म्हणून मान हलवली. यमुना बाई हुशार. तिनं सांगितलं की खण होता खरा, पण तो सकाळीच पुढे गेला. कुणाकडे, ते बघून सांगते.

आम्ही तिघी तिच्या गाडीतून हॅरोला आलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. डॉक्टरही नुकतेच पोहोचले होते, कोट अंगावरच. पॅसेजमध्ये ताई, अनुराधा, मीनल. विनय अजून पायरीवरच, त्याची बॅग वेगळी ठेवलेली.

मी अनुराधाला म्हटलं, एक नारळ आणि मूठभर तांदूळ आण. तिला काही समजेना, पण तिनं आणले. मग मी ताईंसमोर उभी राहिले.

"पदर पुढे करा."

त्या एक पाऊल मागे सरल्या. "सुप्रभाताई, माझी ओटी कुणी भरत नाही. चौदा वर्षं झाली."

"माहीत आहे. मलाही कुणी भरू देत नाही. करा पदर."

त्यांनी पदर पसरला. मी त्यात तांदूळ टाकले, नारळ ठेवला, आणि वर तो हिरवा बॉक्स. मग म्हटलं, आता उघडा. त्यांनी पट्टीचं दुमडलेलं टोक ओढलं. खणाच्या आतला पुठ्ठा सरकला आणि त्याला गुंडाळलेला हिरवा कागद बाहेर आला.

विनय उठून उभा राहिला. त्याच्याकडे बघून मला बोलणं भाग होतं, नाहीतर मी त्या घराची लाज तिथेच झाकली असती.

मी म्हटलं की कागद विनयनं घेतला असता तर या बॉक्समध्ये ठेवला नसता. तो आज विमानानं जाणार होता. घरातच राहणाऱ्या वस्तूत कागद लपवून त्याला काय फायदा? तो परत कधी येणार? म्हणजे ठेवणारा माणूस इथेच राहणारा होता. शैलानं ठेवला असता का? कुठलीही बाई संक्रांतीच्या दिवसांत न शिवलेल्या खणात काही लपवणार नाही. तो आज आहे आणि उद्या नाही, हे शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. अनुराधानं तर तो स्वतःच देऊन टाकला. राहिला असा माणूस, जो बायकोच्या ड्रेसिंग टेबलावर ठेवलेली वस्तू तिथेच राहील असं धरून चालतो. मंत्रीणबाईंची भेट आहे, ही कपाटात ठेवेल, शिवेल, असं ज्याला वाटलं. तीस वर्षं संसार करून ज्यानं एकदाही विचारलं नाही की तुझे हे खण जातात कुठे.

डॉक्टरांनी कोटाची बटणं काढायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. "फाडणार नव्हतो," ते म्हणाले. "मोठ्या मंत्र्यांचा माणूस मंगळवारी येणार होता. कागद द्या, जमिनीची सही घ्या, फोनवर म्हणाला." मग ते ताईंकडे न बघता बोलले, इंग्रजीत, की या देशात तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या ऑपरेशनला माणसं झोपवतोय, एकदा तरी दारावर माझं नाव हवं होतं. मला त्यांचा राग आला होता आणि त्याच वेळी वाईटही वाटलं. अजूनही दोन्ही वाटतं.

ताईंनी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. "चंद्रशेखर, जमीन माझ्याकडे का मागितली नाहीत?"

"तुम्ही नियम दाखवले असतेत."

"हो," त्या म्हणाल्या. "दाखवले असते."

मग त्या विनयकडे वळल्या. माझं चुकलं, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मंत्र्यानं सहायकाची माफी मागितलेली मी पहिल्यांदाच बघितली. बदली हवी असेल तर मी स्वतः सही करते, पण आज माझ्याबरोबर चल, म्हणाल्या. विनय दोन्ही बॅगा उचलून बाहेर गेला, डोळे पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

पदर अजून तसाच पुढे होता. तांदूळ सांडतील म्हणून ताईंना हलता येईना. मी तो गुंडाळायला पुढे झाले, तर अनुराधानं मला थांबवलं. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. आत गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली, कालचाच.

"मधू, शाळेत तुझ्या वेण्या मी घालायचे," ती म्हणाली. "आणि काल माझ्याच घरी तुला भजी तळायला बसवलं. मला लाज वाटते गं. त्याची जास्त वाटते, की ह्यांची, ते मला सांगता येणार नाही."

तिनं बोट बुडवून ताईंच्या कपाळावर कुंकू लावलं. ताई हलल्या नाहीत. मग अनुराधा माझ्याकडे वळली आणि मलाही लावलं. बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजत होता.

७

सोमवारी तीन वाजता कागद समितीपुढे गेला. दोन महिन्यांनी मोठ्या मंत्र्यांनी प्रकृतीच्या कारणानं राजीनामा दिला. त्या अकरा माणसांची दृष्टी परत आली नाही, पण त्यांना पेन्शन लागली आणि आदेशावर मधुमती खळदकरांची सही होती.

डॉक्टरांनी भिंतीवरचा नकाशा काढला. तिथे फिकट चौकोन राहिला आहे, त्याच्यावर अजून कुणी काही टांगलेलं नाही. अनुराधा त्यांच्याशी बोलते, जेवायला वाढते. मागच्या संक्रांतीला तिनं माझ्या हातातला झारा काढून घेतला आणि मला पुढच्या खोलीत बसवलं. शैला जरा आखडली, मग तिनंही तिळगूळ दिला.

त्यानंतर दोन महिन्यांनी मुंबईहून एका पेपराचं कात्रण आलं. मधुमतीताई शपथ घेत होत्या. या वेळी राज्यमंत्री नाही, पूर्ण मंत्री, आणि खातं आरोग्याचंच. फोटो काळापांढरा होता, तरी हात वर केलेला असल्यानं बाहीचा काठ स्वच्छ दिसत होता. अनुराधाच्या टेबलाभोवती आम्ही तिघीही वाकून बघत होतो, आणि तिघींनीही तो काठ ओळखला.

"शिवला की काय तिनं?" यमुना म्हणाली. "एवढा चांगला खण. अजून दहा वर्षं फिरला असता."

अनुराधानं कात्रण हातात घेतलं, चष्मा लावून पुन्हा नीट पाहिलं.

"शिवला," ती म्हणाली. "बरं केलं."